साडेपंचेचाळीस

सर मालिशच्या खोलीत सहसा फिरकत नसत. त्या सकाळी आले, आणि आत येऊन दार लावून घेतलं.

"मावशी, तुम्ही तर घरच्या," सर म्हणाले. धावण्याच्या संघाचे हे सर कसे, तर आवाज कधी चढायचा नाही. ओरडणारा माणूस परवडला हो, त्याचं ओरडून झालं की तो मोकळा आणि आपणही मोकळे. हे लोण्यासारखं बोलायचे आणि समोरच्याची झोप उडायची. "अकराला चौकशी समिती बसतेय. तुम्हालाही बोलावतील. काय सांगायचं ते मी कोण सांगणार? फक्त एक आठवण करून द्यावी म्हटलं. गेल्या वर्षी तुमच्या भाचीची नडगी दुखत होती. कागदावर काय लिहिलंय? स्नायूचा ताण. सही तुमची आहे."

"तुम्हीच म्हणाला होतात तसं लिहा," मावशी म्हणाली, पण इतक्या हळू की तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही.

"म्हणालो असेन. दिवसभरात मी काय काय म्हणतो. सही कुणाची ते बघतात लोक." सरांनी टेबलावरचा टॉवेल उचलला, व्यवस्थित घडी घालून परत ठेवला आणि निघून गेले. मावशी त्या टॉवेलकडे बघत बसली. हात लावायचीसुद्धा भीती वाटली तिला.

चौदा वर्षं ती या कॉलेजात धावणाऱ्या पोरापोरींचे पाय चोळत होती. पोटऱ्या मोकळ्या करायच्या, घोट्याला पट्टी बांधायची, सुजेवर बर्फ धरायचा आणि शेवटी कागदावर काय दुखतंय ते लिहून सही करायची. भाची तिला मावशी म्हणायची, म्हणून सगळं कॉलेजच तिला मावशी म्हणायला लागलं. बहीण गेली तेव्हा ही भाची सात वर्षांची होती, तेव्हापासून दोघीच. भाचीच्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेलीय हे मावशीच्या अंगठ्याला एक्स-रे काढायच्या आधीच कळलं होतं. पण एक्स-रे काढला कुणी? 'हाड' लिहिलं की तीन महिने घरी आणि संघातली जागा दुसरीला. 'स्नायू' लिहिलं की दहा दिवसांत परत मैदानावर. मुलीच हातापाया पडायच्या, मावशी, हाड लिहू नका. आणि मावशी लिहायची नाही. एकीच्या बाबतीत नाही, कितीतरी जणींच्या बाबतीत.

आता तुम्ही म्हणाल, बाई गं, तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? लागलं होतं. राहायची जागा कॉलेजची, भाचीचं शिक्षण संघात होती म्हणून फुकट, आणि सरांच्या मुली दरवर्षी पदकं आणत होत्या. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मान द्यायचे. तिथे मालिशवाल्या बाईनं उठून काय म्हणायचं?

सरांची एक पद्धत होती. दर सोमवारी सकाळी सगळ्या मुलींची वजनं व्हायची, आकडे फळ्यावर चढायचे, आणि पुढचा आठवडाभर तोच आकडा त्या मुलीचं नाव. "एकोणपन्नास, हात हलव. चव्वेचाळीस, शाब्बास." मुली आपसातही तशाच हाका मारायच्या, खिदळायच्या. नाव लहान झालं की पेढे वाटल्यासारख्या खूश, मोठं झालं की दोन दिवस तोंड लपवून फिरायच्या. या आठवड्यात भाचीचं नाव बेचाळीस होतं. एकदा, कसं कोण जाणे, मावशीनंही घरात तिला आकड्यानंच जेवायला हाक मारली होती. भाची हसत आली, आणि जेवली नाही.

मग संघ सोडून गेलेल्या एका मुलीनं पत्र लिहिलं. दोन्ही नडग्या मोडून ती वर्षभर घरी पडून होती. आपण कसं उपाशी राहायला शिकलो, खाल्लेलं कसं बाथरूममध्ये जाऊन ओकून काढायला शिकलो, ते तिनं तीन पानांत लिहिलं. कॉलेजनं तिघांची समिती नेमली आणि समितीनं ठरवलं, सुनावणीच्या आधी आमच्या काट्यावर, आमच्यासमोर सगळ्या मुलींची वजनं होतील. पंचेचाळीसच्या खाली कुणी निघाली तर पत्रात तथ्य आहे असं धरू.

दहा वाजता वजनं झाली. पाचच मिनिटांत भाची धावत मालिशच्या खोलीत आली. बाहेर रणरणतं ऊन आणि हिच्या अंगात स्वेटर.

"साडेपंचेचाळीस!" ती म्हणाली. "बघितलंस? बसा म्हणावं आता समितीला."

मावशीनं तिचा हात हातात घेतला. बोटं बर्फासारखी. "सोमवारी बेचाळीस होतीस तू. आज शुक्रवार."

"मग? जेवले."

"माझ्यासमोर जेवली नाहीस, मग कुठे जेवलीस?"

भाचीनं दाराकडे बघितलं आणि जवळ येऊन कुजबुजली, "पाणी प्यायले. साडेतीन बाटल्या, लिटरच्या. पहिल्या दोन मजेत गेल्या, तिसरीला जाम कंटाळा आला." आणि खुदकन हसली. "असं तोंड काय करतेस? काट्यावर तू चढलीस का मी?"

"सरांनी सांगितलं?"

"सर कशाला सांगतील! मला कळत नाही का? त्या बयेच्या पत्रानं सरांचं वाटोळं होणार आणि मी बघत बसू? मला कुणी बनवलं? सरांनी." मग एकदम हसू मावळलं. "मावशी, तू तिथे काही बोललीस ना, तर शप्पथ सांगते, तू मला मेलीस."

या पोरीशिवाय मावशीला जगात होतं कोण? ती गप्प बसली. पाण्यानं कुणाला काय होतंय, असंही तिला वाटलं. आयुष्यभर ती मुलींना एकच सांगत आली होती, पाणी प्या गं, पाणी प्या.

समिती सभेच्या खोलीत बसली. भिंतभर काचेचं कपाट, त्यात सरांच्या मुलींनी आणलेले चषक, आणि नेमकं त्या कपाटाकडे तोंड करून समितीच्या तीन खुर्च्या. उपप्राचार्या मध्ये. एका बाजूला वकीलबाई आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारे डॉक्टर, जे पहिल्यापासून डोळे मिटून बसले होते. मावशी मागच्या बाकावर. भाची पुढे, सरांच्या शेजारच्या खुर्चीत.

उपप्राचार्यांनी पत्र वाचून दाखवलं. सर मान खाली घालून ऐकत होते, घरचं कुणी गेल्यासारखे.

"मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पोर गुणी होती. पण मॅडम, मी एकीच्या तरी ताटातला घास काढून घेतलाय का? कुणीही सांगावं. मी वजन करतो. सगळीकडे करतात. हलका पाय जास्त धावतो, हे काय मी ठरवलंय?"

"मुलींना आकड्यांनी हाका मारता?" वकीलबाईंनी विचारलं.

"लाडानं."

"एकोणपन्नास म्हटल्यावर लाड वाटतो का हो कुणाला?"

"तुम्ही कधी संघ सांभाळलाय, मॅडम?"

"मी मुलगी सांभाळलीय."

उपप्राचार्यांनी दोघांना थांबवलं. आपण पुराव्यावर बोलू, त्या म्हणाल्या. एका मुलीच्या रागावर आपण माणसाचा जन्माचा लौकिक मातीत घालायचा का? आणि सकाळची वजनं तर आपल्याच काट्यावर झालीत, एकही पंचेचाळीसच्या खाली नाही. वकीलबाई म्हणाल्या, त्याचंच तर मला नवल वाटतंय. चांगलीच जुंपली. अर्ध्या तासानं तर ती मुलगी खोटारडी आहे की नुसतीच हळवी, एवढाच वाद उरला होता.

मग भाची उभी राहिली. काय बोलली पोरगी! सरांनी पहाटे स्वतः बूट आणून दिले ते सांगितलं, आई नसल्याचं सांगितलं, मैदानावर आपल्याला घर मिळालं म्हणाली. उपप्राचार्यांचे डोळे भरून आले. "मी साडेपंचेचाळीस आहे," भाची म्हणाली. "तुमच्याच काट्यावर. मी... तुमच्याच काट्यावर."

ती थांबली. कपाळ चोळलं. "डोकं ठणकतंय," म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, बूट, पहाट, बूट. शब्द एकमेकांत अडकायला लागले.

शर्यतीनंतर थकलेल्या, चक्कर आलेल्या, रडणाऱ्या मुली मावशीनं शेकड्यांनी बघितल्या होत्या. हे तसलं नव्हतं. भाचीची नजर कपाटावर होती आणि तिला कपाट दिसत नव्हतं.

"घाबरली बिचारी," सर मायेनं म्हणाले. उठले, जगमधून ग्लासभर पाणी ओतलं आणि तिच्या ओठांशी धरलं. "पी बाळा. घोट घोट पी."

मावशी कशी उठली, बाकांमधून कशी गेली, तिला नंतर आठवेना. तिनं ग्लासावर असा हात मारला की तो उपप्राचार्यांच्या कागदांवर जाऊन फुटला.

"पाणी देऊ नका! साडेतीन लिटर प्यायलीय ती! वजन भरायला प्यायलीय! बेचाळीसची आहे ती, साडेपंचेचाळीसची नाही!"

"मावशी, शांत व्हा," उपप्राचार्या म्हणाल्या.

"भावनेच्या भरात बोलतायत त्या," सर म्हणाले. अजूनही आवाज लोण्यासारखाच. "त्यांची भाची आहे ना."

"भाची आहे म्हणूनच बोलतेय, मेल्या!" मावशीला आता कशाचीच शुद्ध नव्हती. "चौदा महिने पाळी नाही तिला! उपाशी राहून पाठीवर लव आलीय लहान बाळासारखी! आणि नडगीचं हाडच होतं ते! स्नायू मी खोटं लिहिलं, सगळ्यांचं खोटं लिहिलं, घाला मला तुरुंगात!"

भाचीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग डोळे वर गेले आणि ती खुर्चीसकट कोसळली, हात, पाय, जबडा, सगळं थडथडायला लागलं. म्हातारे डॉक्टर जे टुणकन उठले, ते थेट जमिनीवर तिच्याशेजारी. "कुशीवर करा तिला! दवाखान्याची गाडी बोलवा! त्यांना सांगा, रक्तातलं मीठ उतरलंय, पाणी जास्त झालंय! सांगितलंत हे बरं केलंत बाई, नाहीतर मीही पाणीच पाजलं असतं."

दवाखान्यात दुपार गेली. मावशी बाहेरच्या बाकावर बसून देवाला काय काय कबूल करत होती ते देवालाच ठाऊक. नोकरी घे, घर घे, सही दाखवून मला गावभर फिरव, पण एवढी पोर ठेव. आणि पोर राहिली तर? तर ती डोळे उघडील आणि म्हणेल, तू मला मेलीस. तीही भीती होतीच, पहिलीच्या पाठोपाठ बसलेली. म्हणू दे, मावशी स्वतःलाच सांगत होती. जिवंत राहून म्हणू दे. रोज म्हणू दे.

चारच्या सुमाराला आत बोलावलं. झटके थांबले होते, सलाइन चालू होतं. भाची डोळे मिटून पडली होती, पांघरुणाखाली ती आहे की नाही अशी शंका यावी इतकी सपाट. म्हातारे डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले होते. संकट टळलंय, ते म्हणाले, पण आठ दिवस इथेच, आणि पुढे कित्येक महिने उपचार. समितीनं सरांना मैदानापासून दूर राहायला सांगितलंय. जबाब मात्र आत्ताच घ्यावा लागेल, उद्या प्रत्येकाला काहीतरी वेगळं आठवेल.

"तुम्हाला दोष द्यायला विचारत नाही," त्यांनी खिशातून पेन काढलं. "तारीख पाहिजे म्हणून विचारतोय. तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

मावशीनं भाचीकडे बघितलं. झोपली होती.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "पहिल्या हिवाळ्यात पाठीवर लव दिसली, तेव्हापासून."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. पेन थांबलं तेव्हा मावशीला कळलं की भाचीचे डोळे उघडे आहेत. कधी उघडले कोण जाणे. मावशी उशाशी वाकली, काय ऐकावं लागणार ते ठाऊक होतं, मनाची तयारी करून वाकली.

"तुला माहीत होतं?" भाची म्हणाली. आवाज अगदी बारीक, सात वर्षांच्या पोरीसारखा.

"हो गं राणी."

"मी रोज तुझ्या टेबलावर येऊन पडायचे, मावशी. रोज. मला वाटायचं, आज हिच्या हाताला कळेल. आज ही म्हणेल, बस झालं." तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "तीन वर्षं मी वाट बघत होते. मला वाटलं, तुला कळतच नाही."

मावशीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. भाचीनं आपला हात पांघरुणात ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.