अडकलेला कोयता

तिळाएवढा ठिपका. पात्याच्या पोटाला, मुठीपासून चार बोटं वर, नारिंगी. काल संध्याकाळी नव्हता. सहादेवनं थुंकी लावून अंगठ्यानं घासला आणि अंगठा उलटा करून बघितला तर तोच रंग, कोवळा, आत्ताच जन्मल्यासारखा... राख चोळली होती, फडक्यानं पुसलं होतं, चुलीशी धरून पातं कोमट केलं होतं, कापसाच्या बोळ्यानं खुरासणीचं तेल पाठीपासून धारेपर्यंत फिरवलं होतं, मग धुरावर टांगलं होतं – काल केलं, परवा केलं, आखाड लागल्यापासून एक दिवस चुकवला नाही, आणि तरी सकाळी ठिपका.

खाली जामखेडाकडं यंदा ढोरं पाण्यावाचून मरतात, असं राजूरच्या बाजारात लोक बोलत होते. इथं डोंगरात अठरा दिवस धार तुटली नव्हती. भिंतीला बुरशी, गोधडीला वास, काडेपेटी तर पोटाशी घेऊन झोपावं लागायचं. लोखंडानं तरी किती तग धरायचा? दुसऱ्या कुणाचा गंजला असता तर गंजला असता. सहादेवचा गंजून चालणार नव्हतं.

कारण गेल्या आखाडात कोयता अडकला होता.

सगळ्या गावाला तसंच माहीत होतं. भाताच्या आवणीचा, रोपं लावायचा दिवस. रंभाजीनं – सख्ख्या चुलतभावानं – बांध फोडून पाणी आपल्या खाचरात वळवलं. सहादेवची आय आडवी गेली. रंभाजीनं तिचा बुचडा धरला आणि तिला चिखलातून ओढत नेलं, बारा पावलं. बारा, कारण सहादेवनं मोजली. उभा राहून मोजली. कमरेला मागच्या अंगाला लाकडी आकडी, आकडीत कोयता. हात मागं गेला होता... आय दिवाळीपर्यंत जगली, पण पुन्हा सरळ बसली नाही. "गंजला हुता," त्यानं चावडीवर सांगितलं, "आकडीत अडाकला. न्हाईतर –"

ते 'न्हाईतर' वर्षभर त्याच्या दाढेखाली होतं. दगडावर धार लावताना तो रोज रंभाजीला मारायचा. कुठं मारायचं ते ठरलेलं होतं, मानेचं हाड जिथं वर येतं, तिथं. ओल्या सादड्याची फांदी तुटते तसा आवाज होईल, आधी पांढरं दिसेल, मग लाल, आणि पाऊस ते लगेच धुऊन नेईल म्हणून पुन्हा मारायचं, पुन्हा, तोंड ओळखू येणार नाही इथपर्यंत... मग दगड थांबायचा, आणि सहादेवच्या पोटात गार, गोड काहीतरी उतरायचं. तेवढ्यावर तो जेवायचा.

आजही त्यानं ठिपका काढला. तेल दिलं, धुरावर टांगला, आणि रोपं बघायला बाहेर पडला. शंभर पावलांवर ध्यानात आलं, पावसाचं इरलं घरीच राहिलं. माघारी आला.

बायको, कलाबाई, चुलीपुढं बसली होती. मांडीवर कोयता. शेजारी वाटीत पाणी, आणि पाण्यात बुडवून ती चिंधी पात्यावरनं फिरवत होती – सावकाश, लेकराचं अंग पुसावं तशी.

"काय करतीस?"

तिनं काही लपवलं नाही. "मिठाचं पानी लावतीय."

पुढचं त्याला नीट आठवणार नव्हतं. कोयता जमिनीवर वाजला. तिचे केस त्याच्या मुठीत आले, तिला ओढलं, तिचं डोकं मेढीच्या खांबावर आपटलं आणि भुवई फुटली. रक्त तिच्या डोळ्यात गेलं.

"रंभ्याला वाचवतीस व्हय? कोन लागतो तुजा त्यो?"

"मरूं दे की रंभाजी. मला काय त्याचं?" पदर भुवईवर दाबून ती म्हणाली. आवाज साधा होता, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसा. "पन तुमचा कोयता अडाकला न्हवता. मी मागंच हुते तुमच्या, रोपांची जुडी घिऊन. आकडी माज्या डोळ्याम्होरं हुती. तुमी मूठ धरली आन् सोडली."

"गप!"

"उद्या चकचकीत कोयता घिऊन गेलात आन् परत हात सुटला, तर गावाला काय सांगनार? असूं द्या गंज. तुमालाच लागंल."

हिला मारावं. रंभ्याला नाही, हिलाच. हिच्या डोळ्यात तो दिवस आहे, तो फोडावा – असं त्याला वाटलं, त्यालाच, सहादेवला... आणि मग त्याला आपली मूठ दिसली. तिच्यात अजून केस होते, बायकोचे, आणि मूठ वळली होती रंभाजीची वळली होती तशीच, अंगठा आत घेऊन. त्यांच्या घराण्यात सगळेच तशी वळायचे. त्यानं ती झटकून सोडली. कोयता उचलला, धोतराला पुसला, आकडीत घातला आणि इरलं न घेताच बाहेर पडला.

रंभाजी आपल्या खाचरात वाकून आवणी करत होता. चाहूल लागली तसा त्यानं वळून बघितलं आणि दात काढले. "काय रं सहाद्या, आज निघतुया का? का लोहाराला सांगावा धाडू?" स्वतःच हसला, आणि पुन्हा वाकला.

सहादेवनं हात मागं नेला. कोयता निघाला. आवाजसुद्धा न करता, एवढा सहज, की गेल्या वर्षीही तो असाच निघाला असता हे हाताला आधी कळलं आणि त्याला मागनं.

पाच पावलांवर मान. हाड वर आलेलं. पावसाचं पाणी तिथं दुभागून वाहत होतं. सहादेव आत राग शोधत होता, वर्षभर तेलपाणी करून जपलेला... आयचं चिखलातलं तोंड आठवायला गेला तर ते येईना. येत होती ती कलाबाई, तिचा तो साधा आवाज. आता मारलं तर ते आयसाठी नाही, रंभ्यावरच्या रागानं तर नाहीच, ते फक्त कलाबाईला खोटं पाडायला. आणि नाही मारलं, तर ती खरी. एका माणसाची मान, आणि तिच्याशी त्या माणसाचाच काही संबंध उरला नव्हता.

हात थरथरत नव्हता. गेल्या वर्षी थरथरला होता, म्हणून तर सुटला. आज तो मुळीच थरथरत नव्हता, आणि सहादेवला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली – उघडी. तो पाऊल टाकत नव्हता, पाऊल मागंही घेत नव्हता. पाय तेवढे चिखलात जात होते, हळूहळू, घोट्यापर्यंत, घोट्याच्या वर...