गोडंबीचे तेवीस कप

रविवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, वाशिमच्या 'हिवाळा' आइस्क्रीमच्या दुकानात, रुखमाबाईंनी गोडंबीच्या आइस्क्रीमचा पहिला चमचा तोंडात घातला आणि घास तसाच पदरात थुंकला.

त्याआधीची दहा मिनिटं त्या नुसत्या आ वासून बघत होत्या. दुकानाचा मालक विनोद याने 'मावशी, एकदा या तरी' असा धोशा लावला होता, म्हणून केनवडहून सून विजयमालेला घेऊन त्या आल्या होत्या. भिंतीवरची यादी विजयमालेने वाचून दाखवली. अंबाडीच्या बोंडांचं, ओल्या हळदीचं, ठेच्याचं, करपवलेल्या भाकरीचं.

"करपलेली भाकर? ते तं आमी ढोरायले टाकतो!"

"इथं लोक पैसे देऊन खातात, आत्याबाई."

मग रुखमाबाईंची नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि त्या उभ्या जागी थिजल्या. भिंतभर दोन हात होते. काळवंडलेली बोटं, तळव्यावर जुन्या फोडांचे डाग, वाकडं वाढलेलं अंगठ्याचं नख. हिवाळ्यात विनोद त्यांच्या घरी आला होता, तेव्हा त्याने मोबाईलवर काढलेला फोटो. खाली लिहिलं होतं, 'केनवडच्या रुखमाबाईंच्या हातची गोडंबी'. दोन पोरी त्या हातांसमोर उभ्या राहून स्वतःचे फोटो काढत होत्या. रुखमाबाईंनी आपले हात पदराखाली घेतले.

हे हात चाळीस वर्षं बिब्बे फोडत आले होते. बिब्ब्याच्या टरफलात काळं तेल असतं. कातडीला लागलं की फोड उठतात, एखाद्याचं तोंड सुजून डोळे मिटतात; यालाच बिबा उतणं म्हणतात. आतली बी मात्र बदामासारखी गोड, तीच गोडंबी. फोडताना तेल बीला लागतंच. म्हणून ती राखेत घोळायची, दोन दिवस उन्हात ठेवायची, मग गोणपाटावर घासायची. राख तेल ओढून घेते. रुखमाबाईंच्या मालाबद्दल आजवर कोणी ब्र काढला नव्हता.

आणि आता जिभेच्या कडेला ती ओळखीची बारीक टोचणी लागली होती.

"विजया, हा माल राखेत घोळला व्हता ना वं?"

विजयमालेने कप खाली ठेवला. तिने अजून चाखलं नव्हतं.

"विनोदभाऊचा फोन आल्ता. राखेनं आइस्क्रीम मळकं दिसते म्हणे, पांढरी पाह्यजे. तुमी माहेरी गेल्ता. मंग म्या धुऊन देल्ली. तीन पाण्यानं."

"पाण्यानं तेल जाते काय वं, पोरी?"

शेजारच्या टेबलावरचा एक जण हसला. "काय मावशी, ठेच्याचं खाल्लं काय चुकून?" टेबलभर हशा पिकला.

विनोद लगबगीने आला. "काय झालं मावशी? गार लागलं?"

"गार नाई बाप्पा, बिबा हाय. हे इकणं बंद कर."

"हळू बोला ना. लोक ऐकून राह्यले."

"ऐकू दे! म्हून तं बोलून राह्यली."

"मी सकाळी दोन कप खाल्ले. काही झालं का मले?"

"बिबा लगेच उतत नाई. उद्या सकाळी आरशात पाहाय, मंग सांग."

विजयमालेने त्यांचा पदर ओढला. "आत्याबाई, नाव आपलंच हाय भिंतीवर." ती पुटपुटली तरी रुखमाबाईंना पुरतं कळलं. अख्ख्या हंगामाचा माल हा एकच माणूस घेत होता. बोललं तर तो जाईल, आणि गावोगाव होईल की रुखमाबाईची गोडंबी उतते.

पलीकडे एक बाई लेकराला चमचा भरवत होती. लेकराने तोंड उघडलं.

"नको घालू वं!" रुखमाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की बाईच्या हातून चमचा पडला. "मी रुखमाबाई. हे हात माहेच हाय. माल माह्या घरचा हाय अन् कच्चा राह्यला."

सगळे त्यांच्याकडे वळून बघू लागले. विश्वास कोणाचाच बसला नव्हता, हेही दिसत होतं. "शिल्लक गोडंबी आण," त्या विनोदला म्हणाल्या. कमरेची पानाची चंची सोडून त्यांनी चुन्याची डबी काढली, कागदी रुमालावर चुना पसरला आणि वाटीतल्या पाच-सहा बिया त्यावर दाबून घासल्या. धोबी कपड्यावर खूण करायचे ते याच तेलाने आणि चुन्याने. ती खूण कपडा फाटला तरी जात नसे.

रुमालावर आधी तपकिरी, मग काळी रेघ उमटली.

एकेक कप टेबलावर ठेवला गेला. मघा हसलेला माणूस तोंड धुवायला पळाला. विनोदचा हात आपसूक स्वतःच्या ओठांवर गेला. "मले कोणी सांगितलं नाई," तो विजयमालेकडे बघत म्हणाला. "तुमीच तं सांगितलं, राख नको," ती म्हणाली.

रुखमाबाईंनी एवढंच विचारलं, "किती गेले?"

संगणकावर सकाळपासून गोडंबीचे तेवीस कप दिसत होते. सात दुकानातच होते. विनोदचे दोन. बाराजणांनी मोबाईलवरून पैसे दिले होते. त्यांना एकेक करून फोन लावले. दवाखान्यात जाऊन या, तोंडाला खोबरेल लावा, सूज आली तर थांबू नका, असं सांगता सांगता विनोदचा घसा बसला. पाच वाजेपर्यंत बाराही सापडले.

उरले दोन. ते रोखीने गेले होते. काऊंटरवरच्या मुलीला आठवत होतं, पांढरा शर्ट, मोटारसायकल, टाकीवर बसवलेली चार-पाच वर्षांची पोरगी. कप बांधून घेतले आणि अनसिंगच्या रस्त्याला लागले. जाताना त्याने विचारलं होतं, यात बिब्बा तर नाही ना, पोरीला बिब्ब्याच्या झाडाखालून गेलं तरी उतते. काऊंटरवरच्या मुलीने यादी बघून सांगितलं होतं, नाही, गोडंबी आहे.

पावणेसहाला विनोद आणि रुखमाबाई अनसिंगच्या स्टँडवर पोचले. त्यांनी तिथल्या दोन्ही दवाखान्यांत, मेडिकलमध्ये, पानठेल्यावर विचारलं. साडेसहापर्यंत तशी मोटारसायकल पाहिल्याचं कोणीही सांगितलं नव्हतं.