कचरूभाऊंचा फोटो

शेजारचे कचरूभाऊ दोन वर्षं मागे लागले होते, "माझा एक चांगला फोटो काढ की." मी म्हणायचो, नवा कॅमेरा घेतला की काढतो. पण कॅनन घ्यावा की निकॉन, हेच माझं ठरेना. ते गेले, आणि हार घालायला आधार कार्डावरचाच फोटो मोठा करावा लागला.

दहाव्याला शहागडला गोदाकाठी पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. मुलांची सगळी वचनं देऊन झाली. तुलना करायला भाड्याने आणलेले दोन्ही कॅमेरे माझ्या गळ्यात होते. कावळ्यांकडे कॅनन धरला, तर चेहरा दिसल्यावर उमटणारी चौकट घाटाच्या रिकाम्या पायरीवर जाऊन बसली. माझंच काही चुकलं असेल म्हणून निकॉन धरला. त्याचीही चौकट त्याच पायरीवर थांबली.

मी बटण दाबलं. मागे पंख फडफडले. कावळा शिवला होता.

फोटोत नुसती पायरी होती. कचरूभाऊंच्या बायकोने, उषाबाईंनी, वाकून पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सावरला.

"बराबर आला," त्या म्हणाल्या. "हसून राह्यलेत. हाच मोठा करून द्या."