भरलेली खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. हल्ली मेंढवाड्याचे फाटक म्हणून उभी असते. पण माझे खरे आयुष्य गेले ते किर्गिझ डोंगरांतल्या एका लहानशा इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या खोलीशेजारी.

कारखान्यातून आले तेव्हा माझा पांढरा रंग नुसता चमकत होता. परिचारिका कलिपा मला रोज पुसायची आणि म्हणायची, "हिच्यावर झोपलेला माणूस बरा होऊनच उठतो." मला केवढा अभिमान वाटे!

पुढे त्या बरे होऊन उठण्याचीच अडचण होऊ लागली. सरकार इस्पितळाला पैसे देई ते खाटा मोजून. खाट रिकामी दिसली की पुढच्या वर्षी तिचे पैसे कापलेच म्हणून समजा. मोठे डॉक्टर तिलेकमत काही वाईट नव्हते. वॉर्डाच्या शेगडीचा कोळसा त्याच पैशांतून येई. म्हणून हिवाळा लागून कळप डोंगरावरून खाली उतरले की बरे झालेल्या म्हाताऱ्यांनाही ते ठेवून घेत.

एका हिवाळ्यात माझ्यावर शेशेन नावाचे म्हातारे होते; वडीलधाऱ्यांना तिकडे 'आके' म्हणतात, तसे सगळे त्यांना आके म्हणत. त्यांच्या हर्नियाचे टाके कधीच निघाले होते.

"आके, आता घरी जा की! माझ्याहून धडधाकट आहात," कलिपा चिडवायची.

"घरी सून चहात दूध थेंबाथेंबानं घालते गं. आणि तुझे साहेबच म्हणतात, राहा. मग मी कशाला हलू?"

एके दिवशी मेंढपाळ ओरोझबेक बायकोला, अनारला, घोड्यावरून घेऊन आला. तिच्या पित्ताशयात खडे होते. दाराची चौकट धरून ती कशीबशी उभी होती.

"साहेब, शेशेनआकेंना उठवते मी," कलिपा म्हणाली.

"आणि भूल कुठली, दोरा कुठला, औषधं कुठली आणू?" तिलेकमत खालच्या आवाजात म्हणाले. "आकेंचं चहावर भागतं. पैसे दोघांचे सारखेच येतात, कलिपा." मग ओरोझबेककडे वळून म्हणाले, "खाट रिकामी नाही. बर्फ वितळलं की या."

अनारने एकदा माझ्याकडे पाहिले. शेशेन पत्ते पिसत होते. ओरडून सांगावेसे वाटले मला, पण लोखंडाला कंठ कुठला!

बर्फ वितळायच्या आत खिंडीपलीकडच्या आपल्या घरात अनार वारली. हे कळल्यावर शेशेन चहाचा पेला तसाच ठेवून, कोणी न सांगता घरी निघून गेले. मी रिकामी झाले, पण किती उशिरा!

काही वर्षांनी नियम बदलला. पैसे शस्त्रक्रिया मोजून मिळू लागले, निम्म्या खाटा नकोशा झाल्या आणि मी भंगारात गेले. तिथून मला उचलले ते ओरोझबेकनेच. मी कोणती खाट, हे त्याला ठाऊक नाही. तो रोज संध्याकाळी माझ्यावर हात टेकून उभा राहतो, तेव्हा मला फार वाईट वाटते.

मित्रांनो, रिकामी खाट वाया गेलेली नसते. ती कोणाची तरी वाट पाहत असते. मोठे होऊन तुम्ही खाटा मोजायला बसाल, तेव्हा एवढे लक्षात ठेवा.

काल बर्फ पडू लागले आणि शेजाऱ्याची एक गाभण मेंढी चुकून आमच्या दाराशी आली. मेंढवाडा गच्च भरलेला होता. ओरोझबेकने मला ढकलून उघडले, आपल्या मेंढ्या बाजूला सारल्या आणि म्हणाला, "ये गं बाई, आत ये. जागा काय, करू तेवढी होते."