बारावी वाडी

खारवाडीला गावातून वेगळं व्हायचंय, हे ऐकून माझं डोकंच फिरलं होतं. आमचं कातळवणे गाव कोकणात, पण त्याचे निकाल लागतात मुंबईत, नाहूरला. गावात उरलेत म्हातारे. मुंबईतल्या गावकऱ्यांचं मंडळ ठरवेल तसे ग्रामसभेत हात वर होतात. मी त्या मंडळाचा सचिव. स्वतंत्र ग्रामपंचायतीची मागणी फेटाळणारा ठराव मी शनिवारीच टाइप करून ठेवला होता. आम्ही अकरा वाड्या, ते एक. मतदान कसलं डोंबलाचं!

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळाची सभा भरली आणि खारवाडीतर्फे रुक्मिणीताई उभ्या राहिल्या. मुलुंडला एका दवाखान्यात नर्स आहेत. आवाज कधी चढवत नाहीत, आणि समोरच्याला त्याचाच जास्त त्रास होतो. खाडीपलीकडे त्यांच्या वाडीत नळ आला नाही, साकवाचा, म्हणजे खाडीवरच्या छोट्या पुलाचा, अर्ज नऊ वेळा फेटाळला गेला, एवढं सांगून त्या म्हणाल्या, "आमचा कारभार आम्हाला करू द्या. भांडण नाही."

सुबोध वकील ताडकन उठला. "उद्या एखादं राज्य म्हणेल, आम्हाला देशातून जायचंय. सोडायचं? घटनेत तसला हक्कच नाहीये."

"देशातून कोण जातंय रे?" रुक्मिणीताई म्हणाल्या. " आणि तसं कुणी निघालंच, तर सोडावं की नाही मला नाही ठाऊक. पण का निघालात, एवढं तरी विचारशील ना?"

सुबोध खाली बसला. मग अध्यक्ष उठले, माझे सख्खे काका दशरथ. गिरणी बंद पडली तेव्हा घरात चूल पेटायची मारामार होती, तरी ह्या माणसाने मंडळ मोडू दिलं नाही. गाव एक ठेवायचं, एवढंच त्यांनी जन्मभर केलं. "माझ्या डोळ्यांदेखत गाव तुटूचो नाय," असं सकाळीच मला बजावून झालं होतं.

"गाव बारा वाड्यांचो," काका म्हणाले. "देवाच्या गाऱ्हाण्यात बारा एकत्र आसत. तां तू तोडतलंस?"

"काका, ते गाऱ्हाणं एकदा घाला ना," रुक्मिणीताई म्हणाल्या. "वाड्यांच्या नावांसकट."

दरवर्षी जत्रेत गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं काकाच घालतात. त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, देऊळवाडी, गुरववाडी, सडेवाडी..." एकेक नाव येत होतं आणि आम्ही सवयीने 'होय म्हाराजा' म्हणत होतो. खारवाडीची माणसंसुद्धा म्हणत होती. शेवटचं नाव झालं आणि काका अडखळले. त्यांनी बोटांच्या पेरांवर पुन्हा मोजलं. अकरा.

"मी लहान होते तेव्हापासून अकराच आहेत," रुक्मिणीताई म्हणाल्या. "आम्हीपण होय म्हाराजा म्हणत आलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्या बाईंनी हे ऐकलं, आमच्या प्रत्येक लग्नाला आल्या, माझ्या आईचं आजारपण काढलं, आणि एका शब्दाने कधी टोचलं नाही.

"चूक झाली, नाव घालून टाका, विषय संपला," सुबोध म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "गो बाय, नाव घातलंय तर रवतलात?"

"नाही काका. आता उशीर झाला." त्यांचे डोळे भरले होते.

काकांनी टेबलावर दोन्ही हात टेकले. मग म्हणाले, "मतदान फक्त खारवाडीचा."

"असं कसं काका? गाव सगळ्यांचं आहे ना," सुबोध पुन्हा उठला.

"जाऊचा काय रवाचा, तां जाणारो सांगतलो. आमका इचारलास तर आमी नायच म्हणतलव."

आयुष्यभर जपलेली गोष्ट ते स्वतःच्या हाताने सोडत होते. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. खारवाडीचे सगळे हात वर गेले. काकांनी मान हलवली आणि खाली बसले.

मी टाइप केलेला कागद फाडला आणि इतिवृत्ताची वही उघडली. "काय लिहू काका? खारवाडी गावातून फुटली?"

"फुटली नको लिहू," ते म्हणाले. "आमका तेंका ठेवूक जमला नाय, असा लिही."

मी तसंच लिहिलं. काकांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि खाली सही केली.