मालकाचं नाव

"नाव सांगा ना त्याचं. नावच नसेल तर केस कुणावर करणार?"

त्रिवेणीनं मान फिरवली. डाव्या कानाशी दाबून धरलेला पदर भिजून काळा पडला होता. ती भिंतीकडे बघत एवढंच म्हणाली, "मालकानंच हाणलं. लाटण्यानं. मग डोस्कं धरून भिताडावर आपटलं."

"अहो पण मालकाचं नाव?"

तिनं पदर आणखी घट्ट दाबला. नुसत्या तोंडानं श्वास घेत होती.

हैदराबादला नामपल्ली स्टेशनच्या मागच्या बस्तीत एक कम्युनिटी हॉल आहे. लॉ कॉलेजची पोरं तिथं आळीपाळीनं मोफत सल्ला द्यायला बसतात. हर्षवर्धनचा तिथला पहिलाच आठवडा. आत्तापर्यंत त्याच्या वाट्याला फक्त झेरॉक्स आणि चहा आला होता. आज मात्र ही बाई धडपडत पायऱ्या चढून आली आणि त्याच्या वर्गातल्या श्रुतीनं त्याला हाक मारली, "हर्षा, उठ रे. तेरी भाषा का केस आया." सत्यवती मॅडम, म्हणजे त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या वकीलबाई, कोर्टात अडकल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "तू लिहून घे. मी येतेच."

म्हणजे पहिली खरी केस! हर्षवर्धननं कोरा कागद पुढं ओढला. खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला होता.

"कामाला कुठं?"

"कुकटपल्लीला. मसाल्याच्या कंपनीत. पाकिटं भरते."

झालं, जुळलं. मसाल्याची कंपनी, मालक, लाटणं. लाटणं कंपनीत कशाला असेल, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही.

"याआधी कधी हात उचलला होता?"

"रोजचंच हाय की."

"रोज? मग सोडलं का नाही?"

"मालकाला सोडून कुटं जावं, दादा?"

"हैदराबाद केवढं मोठंय! दुसरा मालक बघायचा सरळ."

त्रिवेणीनं एकदम वर बघितलं. यानं तिला आईवरून शिवी दिल्यासारखं बघितलं. मग पुन्हा मान खाली घातली. हर्षवर्धनला वाटलं, बिचारी, पोटापाण्याला घाबरली.

त्यात त्याचाही काय दोष म्हणा. घरी मराठीच बोलायचे. पण घर म्हणजे हिमायतनगरमधला फ्लॅट आणि मराठी म्हणजे पुण्याची. आई बाबांना सरळ "अनिल, गॅस बंद कर रे" म्हणायची. मालक हा शब्द त्या घरात फक्त फ्लॅटच्या मालकासाठी, तोही भाडं वाढवायला आला तरच.

"दादा," त्रिवेणी खालच्या आवाजात म्हणाली, "मी हितं हाय म्हून मालकाला कळू देऊ नगा. आज परत धाडू नगा मला. आज जिवं मारतील."

"नाही कळणार. प्रॉमिस."

"आईची आन?"

"आईची आन."

तेव्हा कुठं तिनं कानावरचा पदर जरा सैल केला. श्रुतीनं जखम बघितली आणि तोंड वळवलं. "इसको टाके लगते रे. मैं सामने डॉक्टर के पास लेके जाती." दोघी समोर रस्ता ओलांडून गेल्या. त्रिवेणीचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला राहिला.

तो वाजला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. स्क्रीनवर लग्नातला फोटो. मुंडावळ्या बांधलेला एक माणूस आणि शेजारी ती, गालाला हळद. हर्षवर्धनला वाटलं, घरचे शोधत असणार. जीव टांगणीला लागला असेल माणसाचा. त्यानं उचलला.

"हॅलो, मी लीगल सेंटरमधून बोलतोय. तुम्ही त्यांचे मिस्टर का?"

"हां जी. प्रशांत. कुटंय हो ती? सकाळधरनं हुडकायलोय." आवाज मऊ, अदबीचा.

"घाबरू नका, सुरक्षित आहेत. त्यांना मालकानं मारलंय. आम्ही त्याच्यावर केस करतोय."

पलीकडून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला.

"मालकानं मारलं, असं म्हणली ती?"

"हो. फार लागलंय."

"असं." मग जरा हसल्यासारखा आवाज. "तुमी मूळचे कुठले, साहेब?"

"आम्ही पुण्याचे."

"हां, मंग बराबर. तिला बसवून ठिवा. पत्ता सांगा तेवढा. आलोच."

हर्षवर्धननं पत्ता सांगितला. कुठल्या गल्लीतून आत शिरायचं, तेही सांगितलं.

प्रशांत आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. कपाळाला गंध. हातातल्या कापडी पिशवीत शहाळी. पायऱ्यांशी चपला काढून आत आला, दोन्ही हात जोडले. "लै उपकार झाले. आशक्तपणा आला आसंल तिला, म्हून शहाळी आणली." हर्षवर्धननं त्याला स्वतःची खुर्ची दिली. स्वतः उभा राहिला.

थोड्या वेळानं श्रुती आणि त्रिवेणी दारात आल्या. त्रिवेणीच्या डोक्याला पांढरी पट्टी.

"बघा," हर्षवर्धन आनंदानं म्हणाला, "कोण आलंय!"

तिनं बघितलं. आणि भीतीनं ओरडायच्या आधी, पळायच्या आधी तिचा हात आपोआप वर गेला. पट्टीवरून पदर डोक्यावर आला.

"मालक," ती पुटपुटली.

हर्षवर्धननं तिच्याकडून प्रशांतकडं बघितलं. मालक. लाटणं. मारतील. सगळं एका क्षणात सरळ उभं राहिलं. तोवर प्रशांत खुर्चीवरून उठला होता.

"केस करती? माज्यावर? आं?"

पिशवी गरगरत फिरली. शहाळी थेट तिच्या तोंडावर बसली. आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसल्यासारखा. ती दारातच कोसळली, तोंडातून रक्त आणि रक्तातून काहीतरी पांढरं. त्यानं वाकून तिचे केस मुठीत धरले, आत ओढलं आणि डोकं लोखंडी टेबलाच्या कडेवर हाणलं. पट्टी लाल झाली. पुन्हा हाणलं. तोंडानं तो मोठ्यांदा काही बोलत नव्हता, हेच भयंकर होतं. कामाला लागलेल्या माणसासारखा शांतपणे हाणत होता.

हर्षवर्धन मध्ये पडला. आयुष्यात त्यानं कधी कुणावर हात उचलला नव्हता, कसा उचलतात हेही ठाऊक नव्हतं. पिशवी त्याच्या मनगटावर आली. काडकन आवाज झाला आणि हात भलत्याच बाजूला वाकला. श्रुतीनं स्टूल उचलून प्रशांतच्या पाठीत घातलं आणि रस्त्याकडे तोंड करून किंचाळली, "मार डालरा! आओ कोई!" समोरच्या चहाच्या हॉटेलातली माणसं धावत आली. त्यांनी त्याला पायऱ्यांवरून खाली ओढलं आणि तिथंच तुडवलं. कुणीतरी चहाचं पातेलं आणलं होतं, तेही हाणलं. शर्टाची इस्त्री गेली, नाक फुटलं. तरी पोलिसांच्या गाडीत चढताना तो हर्षवर्धनकडं बघून म्हणाला,

"साहेब, सांगा की ह्यांना. तुमीच बोलवलंत ना मला?"

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सत्यवती मॅडमनी हर्षवर्धनच्या प्लास्टरकडं बघितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घर में मराठी बोलते ना तुम लोगां?"

"बोलते मॅडम."

"फिर?"

मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. मग दार ढकलून म्हणाल्या, "चल. जबाब तेरे कूच समझना है."

त्रिवेणीचा चेहरा ओळखू येत नव्हता. एक डोळा मिटलेला, ओठ सुजून उलटे झालेले, पुढचे दात नाहीत. कॉन्स्टेबल शोभा खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"आदमी का नाम पूछ."

हर्षवर्धन पुढं वाकला. "त्रिवेणीताई, मी..." माफीचं वाक्य त्यानं रात्रभर जुळवलं होतं. तिनं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं आणि ते वाक्य त्यानं सोडून दिलं. "नाव विचारतायत. त्यांचं."

ती छताकडं बघत राहिली.

"तेरे कू मालूम है ना?" शोभा वैतागल्या. "तूच बोल दे बाबा. मेरे कू और दो वॉर्ड हैं."

हर्षवर्धनला माहीत होतं. फोनवर त्या माणसानंच सांगितलं होतं, मऊ आवाजात. पण तो गप्प राहिला.

त्रिवेणीनं ओठ हलवले. नुसती हवा बाहेर आली. तिनं थुंकी गिळली, पुन्हा प्रयत्न केला.

"...शांत."

"शांता?" शोभांनी पेन थांबवलं. "औरत मारी क्या?"

त्रिवेणीनं नकारार्थी मान हलवली. हे नाव तिनं आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. पोरींनी दार अडवलं होतं म्हणून, चार ओळींत गुंडाळून, लाजून. आता गुंडाळायला काही नव्हतं. तिचा हात उशीवरून उठला, सवयीनं पदर शोधत डोक्यापर्यंत गेला. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा होता. हात तिथंच जरा अडला आणि खाली येऊन चादरीवर पडला.

"प्रशांत," ती म्हणाली. ओठाची खपली फुटली. "प्रशांत नामदेवराव कंधारे. मालक लिवू नगा."

शोभांनी लिहून घेतलं. लिहून झालं तरी त्रिवेणी थांबली नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी छताकडं बघत तिनं ते नाव पुन्हा एकदा घेतलं, या वेळी जरा जास्त स्पष्ट.