टाचेखाली दीड इंच

लंबू नळकाम करायचा ते गुडघे टेकून. त्याच्या धंद्यातली बाकीची माणसं उकिडवी बसतात. पावलं पुरती जमिनीला, बूड टाचांपाशी आणि डोकं बेसिनखालच्या कपाटात. लंबूला तसं बसणं कधी जमलंच नाही. टाचा टेकल्या की तो मागे उताणा व्हायचा आणि उचलल्या की चवड्यांवर डुगडुगत राहायचा.

धंदा मूळचा बाबांचा. बाबा बुटके, ठासून भरलेल्या पोत्यासारखे घट्ट. तासभर उकिडवे बसून पाइपला आटे पाडायचे आणि उठताना कशाला हात लावायचे नाहीत. लंबू सहा फूट दोन इंच, आईवर गेलेला. अठराव्या वर्षी तो बाबांच्या हाताखाली आला आणि बाबांचं एकच पालुपद सुरू झालं: पावलं सरळ ठेव, टाचा टेक. एकदा एका गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात त्याने मनापासून टाचा टेकल्या आणि मागच्या भरलेल्या बादलीत बसकण मारली. घरमालकीण हसली, तिची पोरं हसली. बाबा हसले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, अंग वाकवायचा आळस असला की असंच होतं. लंबूने कानाला खडा लावला आणि पुढची तीस वर्षं गुडघ्यांवर काढली.

गुडघ्यांनीही ते निमूट सोसलं. मग एका हिवाळ्यात उजवा गुडघा पावासारखा फुगला. डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं आणि बजावलं की आता गुडघे टेकणं बंद. मग काम कसं करू, असं लंबूने विचारलं, तेव्हा त्यांनी फिजिओथेरपिस्टचा पत्ता लिहून दिला.

फिजिओ म्हणजे एक तरुण मुलगी, लंबूच्या खांद्यालाही न पोचणारी. तिने आधी त्याला उकिडवं बसून दाखवायला सांगितलं. लंबूने मागे गादी आहे ना ते बघून घेतलं, बसला आणि गादीवर आडवा झाला. ती हसली नाही. तिने त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला लावला. पाऊल भिंतीपासून दोन बोटांवर असेपर्यंत जमलं. तिसऱ्या बोटाला टाच सुटली. चार-पाच बोटं तरी जायला हवीत, असं ती म्हणाली. घोटे आखडले होते. मग तिने त्याला बाजूने आरशात बघायला लावलं.

"तुमची मांडी लांब आहे," ती म्हणाली. "पावलं जवळजवळ, अगदी सरळ, टाचा टेकलेल्या, आणि त्यात घोटा वाकत नाही. मग तुमचं बूड इतकं मागे जातं की तोल जाणारच. यात तुमचा काही दोष नाही."

लंबूने चष्मा काढून पुसला. तो तसा स्वच्छच होता.

तिने त्याची पावलं खांद्यांपेक्षा जराशी रुंद ठेवली, बोटं थोडी बाहेर वळवली आणि टाचांखाली दीड इंचाची फळी सरकवली. टेबलाची कड धरा, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जाऊ द्या आणि दुखलं तर तिथेच थांबा, असं सांगितलं. लंबू खाली गेला. आणखी खाली गेला आणि तिथे राहिला. टेबलाच्या खालच्या बाजूला कुणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला त्या क्षणी ते च्युइंगमसुद्धा आवडलं.

रोज पंधरा बैठका आणि घोट्यांचा व्यायाम, असं ठरलं. घोटे हळूहळू सैल होतील, फिजिओ म्हणाली, पण मांडी काही आखूड होणार नाही. फळी कायमची लागली तर लागू दे.

घरी हा कार्यक्रम सकाळी स्वयंपाकघरात व्हायचा, कारण धरायला भक्कम ओटा तिथेच होता. लंबूची बायको शाळेच्या वाचनालयात होती. ती डबे भरता भरता बैठका मोजायची आणि कधीकधी चौदाच्या पुढे मुद्दाम पुन्हा चौदा म्हणायची. बाबा खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेले असायचे. ऐंशी पार केलेले, कानाने तल्लख.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राआडून आवाज आला, "टाचेखाली लाकूड घेऊन बसायचं, तर सरळ खुर्चीत बस की."

सुनेने त्यांना शांतपणे विचारलं की नाकावर काच ठेवून वाचणं चालतं, मग टाचेखाली लाकूड का चालू नये. बाबांनी पान उलटलं. पण जित्याची खोड. दुसऱ्या दिवशी लंबू अर्ध्यात असताना ते पुन्हा पुटपुटले, टाचा टेक. त्याने बाबांना या बाबतीत आजवर कधीच उत्तर दिलं नव्हतं. फक्त त्या दिवशी बैठका बारावरच थांबल्या आणि बायकोने मोजणं लांबवलं नाही. बाबांच्या ते लक्षात आलं असावं.

सुट्टीच्या दिवशी बाबांनी मेजटेप मागितला आणि लंबूला म्हणाले, बस इथे, पाठ खुर्चीला टेकव. मग वाकून त्यांनी खुर्चीच्या पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत माप घेतलं. साडेसव्वीस इंच. मग स्वतः त्याच खुर्चीत बसले आणि टेप लंबूच्या हातात दिला. एकवीस. बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी परत मोजायला लावलं. एकवीसच.

टेप गुंडाळून त्यांनी मांडीवर ठेवला.

"तुझी आई कुंड्यांपाशी कधी उकिडवी बसायची नाही," ते म्हणाले. "म्हणायची, मी मागे पडते. मी तिला एक बुटकं स्टूल करून दिलं."

"आठवतंय मला ते. हिरवं होतं."

"तिला स्टूल दिलं आणि तुला शिव्या दिल्या."

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. लंबू म्हणाला, "जाऊ द्या बाबा. तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं."

"टेप तर रोज खिशात असायचा," बाबा म्हणाले.

लंबूने चहा ठेवला. दोघांनी तो प्यायला, आणि बायको आत आली तेव्हा दोघेही नको इतक्या उत्साहाने तिला बिस्किटं हवीत का विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कानस, पॉलिश पेपर आणि लाकडाचे दोन तुकडे मागवले. सपाट फळीची कड तळव्याला रुतते, हे त्यांनी नुसतं बघून ओळखलं होतं. शिवाय एकच फळी कशाला? पावलं बाहेर वळलेली, तर प्रत्येक टाचेला स्वतंत्र पाचर हवी, टाचेकडे दीड इंच आणि पुढे उतरती. तीन दुपारी ते कानस घेऊन बसले. कानस मधूनमधून हातातून सटकायची. सून शेजारी पुस्तक उघडून बसायची आणि तासाभरात एकही पान उलटायची नाही. शेवटी बाबांनी पाचरींना खालून रबर चिकटवलं, ओल्या फरशीवर सरकू नयेत म्हणून. लंबू त्यांवर बसला, तेव्हा बाबांनी टाचेखाली पोकळी राहते का ते बोट घालून तपासलं.

सहाव्या आठवड्यात फिजिओने होकार दिला, आणि पहिलं काम आलं ते एका दंतवैद्याच्या दवाखान्यातलं. बेसिन गळत होतं. बाबा म्हणाले, मीही येतो, नुसता बसून राहीन. खोलीत मोकळी खुर्ची एकच होती, पेशंटची. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आदराने तीत बसवलं.

लंबूने पाचरी मांडल्या, पावलं ठेवली आणि बेसिनखाली गेला.

"उजवं पाऊल जरा बाहेर घे," मागून बाबा म्हणाले.

लंबूने घेतलं. खरंच बरं वाटलं. त्याने सायफनचा वाकडा पाइप खोलून गाळ काढला, वॉशर बदलला. वर बाबा डॉक्टरीणबाईंना समजावून सांगत होते की हा माझा मुलगा, मांडी साडेसव्वीस इंच, अशा माणसाला सरळ पावलांनी बसवणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा, पण काही लोकांना कळत नाही. डॉक्टरीणबाई हो हो म्हणत होत्या.

उठताना लंबूला बेसिनची कड धरावी लागली आणि गुडघा एकदा कटकन वाजला. पण दुखला नाही. बाबा म्हणाले, या वयात एवढं चालायचंच.

आता बसलाच आहात तर दात बघून घेते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबांनी तोंड उघडलं. आत दातांपेक्षा जागाच जास्त होती, आणि उरलेल्यांतला एक हलत होता. पुढच्या गुरुवारी तो काढायचं ठरलं.

गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "गुरुवारपर्यंत तिथला दुसरा एखादा नळ गळायची शक्यता आहे का?"

"नाही," लंबू म्हणाला. "पण मी येईन."